वर्ख आणि बेगड : चित्रांद्वारे शिफारस आणि तिची दस्तुरी

तंजावर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत (१७९८–१८३२) सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट झाली. त्याचबरोबर चित्रकला, संगीत व धातुकाम यांनाही राजाश्रय लाभला. आज 'तंजावर चित्र' म्हणून जी शैली ओळखली जाते, तिला तिचे परिचित रूप याच मराठा काळात प्राप्त झाले. पुढे राजाश्रय गेला, पण चित्रे काढणारे हात राहिले. त्या हातांपुढे एक प्रश्नही कायम राहिला : चित्र तंजावरात तयार होते आणि त्याचे गिऱ्हाईक बहुधा दूर असते; तेव्हा या दोघांची गाठ कोणी घालून द्यावयाची?

प्रत्येक काळाने या प्रश्नाचे उत्तर आपापल्या परीने दिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत तंजावरच्या चित्रकारांनी निरनिराळ्या जातींच्या आणि व्यवसायांच्या स्त्री-पुरुषांची जोडचित्रे काढली. अशा चित्रांचे संच इंग्रज अधिकारी विकत घेत आणि मायदेशी पाठवीत. त्या काळच्या व्यापारात परका खरेदीदार आणि स्थानिक कारागीर यांच्यामध्ये दुभाषी किंवा दलाल उभा असे, आणि सौदा जुळला की तो आपली दस्तुरी घेई. आज हीच मधली जागा हातातल्या फोनच्या पडद्याने घेतली आहे. इन्स्टाग्राम, पिंटरेस्ट, यूट्यूब अशा चित्रप्रधान समाजमाध्यमांवर एखादी व्यक्ती वस्तूचे चित्र दाखवते, सोबत खरेदीचा दुवा देते, आणि त्या दुव्यावरून विक्री झाल्यास तिला ठरलेली टक्केवारी मिळते. या व्यवहाराला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. नाव नवे असले तरी तत्त्व दस्तुरीचेच आहे.

तंजावर चित्राच्या निमित्ताने हा व्यवहार अभ्यासणे विशेष उपयुक्त ठरते. याचे कारण असे की, या चित्राचे मूल्य ज्या गोष्टीत आहे, नेमकी तीच गोष्ट फोनच्या पडद्यावर दिसत नाही.

व्यवहाराची रचना

या व्यवहारात चार पक्ष असतात. पहिला विक्रेता, मग तो कारागीर असो वा व्यापारी. दुसरा ऑनलाइन बाजारपेठ चालविणारी कंपनी. तिसरा शिफारसकर्ता, म्हणजे समाजमाध्यमावर चित्र दाखवून दुवा देणारा. चौथा ग्राहक. शिफारसकर्त्याने योजनेत नाव नोंदविले की त्याला स्वतंत्र खूण मिळते. त्याने दिलेल्या प्रत्येक दुव्यात ती खूण गुंफलेली असते. ग्राहकाने दुव्यावर बोट ठेवले की ती त्याच्या फोनवर किंवा संगणकावर काही काळ नोंदली जाते, आणि त्या अवधीत खरेदी झाली तर दस्तुरी शिफारसकर्त्याच्या खात्यात जमा होते.

ही पद्धत व्यापक प्रमाणावर रुळविण्याचे श्रेय मुख्यतः अ‍ॅमेझॉन या कंपनीकडे जाते. तिने १९९६ मध्ये, म्हणजे ती प्रामुख्याने पुस्तके विकत असताना, अशी योजना सुरू केली. तिच्या नियमानुसार दुव्याची मुदत सर्वसाधारणपणे २४ तासांची असते. ग्राहकाने वस्तू परत केली तर दस्तुरीही परत जाते. या दोन अटी वरवर किरकोळ वाटतात. परंतु शिफारसकर्त्याच्या वर्तनावर त्यांचा मोठा परिणाम होतो. पहिली अट त्याला घाई करावयास लावते, तर दुसरी त्याला खरे बोलावयास लावते. या दोन ओढींमध्ये शिफारसकर्ता कोणत्या बाजूला झुकतो, यावर त्याच्या कामाची प्रत ठरते.

या व्यवहाराशी साम्य असलेला, परंतु त्याहून भिन्न असा आणखी एक प्रकार भारतात रूढ झाला. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या मीशो या कंपनीने आरंभीच्या वर्षांत फेरविक्रीचा मार्ग अवलंबिला. अनेक गृहिणी साड्यांची व घरगुती वस्तूंची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून आपल्या ओळखीच्या लोकांना पाठवीत आणि मूळ किमतीवर आपला नफा चढवीत. फेरविक्रेता किंमत स्वतः ठरवतो आणि ग्राहक त्याचा असतो. अ‍ॅफिलिएट शिफारसकर्ता किंमत ठरवीत नाही, माल हाताळत नाही आणि पैसेही स्वीकारीत नाही. त्याच्याजवळ विकण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याच्या शब्दावरील विश्वास.

चित्र विक्रीचे काम कसे करते

चित्राच्या आधाराने माल खपविण्याची कल्पना फोनबरोबर आलेली नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलविण्यात आला. तेथे छापलेली लक्ष्मी आणि सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली. काही वर्षांतच देवदेवतांच्या अशा चित्रांखाली साबणाचे, औषधाचे किंवा कापडाच्या गिरणीचे नाव छापलेली दिनदर्शिका भिंतीवर आली. गृहस्थ दिनदर्शिका टांगत असे ती देवीसाठी. पण नजर रोज व्यापाऱ्याच्या नावावरूनही फिरत असे. चित्र मनाला थांबवते, आणि मन थांबले की त्याच्या शेजारी ठेवलेले नाव वाचले जाते. समाजमाध्यमांवरील विक्रीचे सारे शास्त्र या एका निरीक्षणावर उभे आहे.

तथापि या उदाहरणात दुसरीही एक बाजू आहे. स्वस्त छापील चित्रे हाती येताच, हाताने काढलेल्या चित्रांची मागणी ठिकठिकाणी घटली. देवघरात मूर्तीचे रूप हवे, ते हाताने रेखलेले असो वा यंत्राने छापलेले, असे म्हणणाऱ्या ग्राहकाला दोहोंतील भेद समजावून सांगणारा कोणी नव्हता. आज शिफारसकर्ता हा भेद सांगू शकतो. तो सांगतो की लपवतो, हा खरा प्रश्न आहे.

तंजावर चित्र : दिसणारे आणि न दिसणारे

तंजावर चित्र हे केवळ रंगविलेले चित्र नव्हे; ते थर चढवून घडविलेले असते. पूर्वी फणसाच्या लाकडाची फळी वापरीत, आता बहुधा प्लायवूड वापरतात. फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप देतात. तो वाळल्यावर घासून गुळगुळीत करतात आणि मग आकृतीची रेखाटणी करतात. दागिने, प्रभावळ, खांब, महिरपी, वस्त्रांचे काठ हे भाग खडू व डिंक यांच्या लगद्याने उठावदार केले जातात. त्यांत काचेचे किंवा जयपुरी खडे बसवितात. उठावाच्या भागावर सोन्याचा वर्ख चढवितात आणि शेवटी रंग भरतात. नवनीतकृष्ण, म्हणजे लोण्याचा गोळा हाती घेतलेला बाळकृष्ण, आणि रामपट्टाभिषेक हे या शैलीचे आवडते विषय होत.

या क्रमातील निर्णायक पायरी वर्खाची आहे. खरा सोन्याचा वर्ख वर्षानुवर्षे आपली झळाळी टिकवून धरतो. त्याऐवजी पितळी पत्रा, म्हणजे बेगड, वापरली तर ती कालांतराने काळवंडते. मराठीत 'बेगडी' या शब्दाला जो अर्थ आला आहे, तो याच अनुभवातून. दोन्ही प्रकारची चित्रे बाजारात विकली जातात. बेगडीचे चित्र बेगडीचे म्हणून, त्याच्या योग्य किमतीला विकले तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते बेगडीला वर्ख म्हणण्यात.

आता हे चित्र फोनच्या पडद्यावर आणून पाहावे. पडद्यावर वर्ख आणि बेगड सारखेच चमकतात. किंबहुना छायाचित्राचा भडकपणा वाढविणाऱ्या सोयी वापरल्या तर बेगडच अधिक उजळ दिसू शकते. उठावाची जाडी समोरून घेतलेल्या छायाचित्रात सपाट होते. त्यामुळे कॅनव्हासवर छापलेली नक्कलसुद्धा मूळ चित्रासारखी भासते. फळीचा जडपणा, पाठीमागच्या बाजूचे काम, खड्यांची बसवणूक यांपैकी काहीच पडद्यावर येत नाही. याचा अर्थ असा की, ग्राहक ज्या कारणासाठी बारा हजार रुपये मोजावयास तयार होतो, ती सारी कारणे चित्राबाहेर राहतात. ती चित्रात आणणे, आणि जी आणता येत नाहीत ती शब्दांत सांगणे, हे शिफारसकर्त्याचे काम आहे. तेवढ्यासाठीच तो दस्तुरीचा अधिकारी ठरतो.

काही साध्या उपायांनी यातील बराच भाग साधतो. चित्रावर समोरून झगझगीत प्रकाश टाकू नये. वर्ख आणि चौकटीची काच दोन्ही तो परत फेकतात आणि उठाव नाहीसा होतो. खिडकीतून बाजूने येणारा तिरपा उजेड घेतल्यास प्रत्येक उठावाची सावली पडते आणि थर डोळ्यांना जाणवतो. एक छायाचित्र पूर्ण चित्राचे, एक उठावाचे जवळून, एक कडेचे आणि एक पाठीमागचे, असा चौघांचा संच असावा. आकाराची कल्पना यावी म्हणून शेजारी तळहात धरलेले एखादे छायाचित्र घ्यावे. रंग उजळ करण्याच्या सोयी वापरू नयेत. कारण घरी आलेले चित्र पडद्यावरील चित्राहून फिके दिसले, तर ग्राहक ते परत पाठवतो. सोबतच्या मजकुरात वर्ख कोणता, फळी कोणती, खडे कोणते, चित्र कोणत्या गावी तयार झाले, या गोष्टी नोंदवाव्यात. वर्ख सोन्याचा आहे हे विक्रेता पावतीवर लिहून देतो की नाही, हेही आधी विचारून घ्यावे. जो विक्रेता हे लिहून देत नाही, त्याच्या मालाला 'सोन्याच्या वर्खाचे चित्र' म्हणू नये.

माध्यमांचे निरनिराळे स्वभाव

सर्व चित्रप्रधान माध्यमे एकसारखी नाहीत. कोणत्या वस्तूला कोणते माध्यम मानवते आणि दुवा कोठे ठेवता येतो, हे समजून घेतल्याशिवाय केलेले श्रम वाया जातात.

पिंटरेस्ट हे माध्यम २०१० मध्ये सुरू झाले. तेथे लोक गप्पा मारण्यापेक्षा शोध घेण्यासाठी अधिक येतात. देवघर कसे सजवावे, नवरात्रात बाहुल्यांची मांडणी कशी करावी, अशा विचाराने चित्रे पाहणारा मनुष्य ती आपल्या संग्रहात जपून ठेवतो. प्रत्येक चित्रालाच दुवा जोडता येत असल्यामुळे ते महिन्यांनंतरही ग्राहक आणू शकते. मात्र या माध्यमानेही २०१५ मध्ये अ‍ॅफिलिएट दुव्यांवर बंदी घातली होती आणि २०१६ मध्ये ती उठविली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उभट चित्रे येथे अधिक उठून दिसतात, आणि तंजावर चित्र बहुधा उभटच असते.

इन्स्टाग्रामचा आरंभही २०१० मधलाच. तेथील चित्राखालच्या मजकुरात दिलेला दुवा थेट उघडत नाही. तो आपल्या परिचयपृष्ठावर किंवा चोवीस तासांनी नाहीशा होणाऱ्या 'स्टोरी'मध्ये ठेवावा लागतो. ही दुसरी सोय पूर्वी केवळ मोठा अनुयायीवर्ग असलेल्यांना मिळे. २०२१ च्या ऑक्टोबरपासून ती सर्वांना खुली झाली. या माध्यमाचे बळ हालत्या चित्रात आहे. तंजावरची मान डोलावणारी बाहुली घ्यावी. तमिळमध्ये तिला 'तलैयाट्टी बोम्मै' म्हणतात. स्थिर छायाचित्रात ती एक रंगीत बाहुली, एवढेच दिसते; परंतु दहा सेकंदांच्या चलचित्रात तिचे डोके, हात आणि कंबर वेगवेगळ्या लयीत डोलू लागली की वेगळे वर्णन करावे लागत नाही.

यूट्यूब हे सविस्तर सांगण्याचे माध्यम होय. फळीला कापड चिकटविण्यापासून वर्ख चढविण्यापर्यंतची प्रक्रिया तेथे सलग दाखविता येते, आणि वर्णनाच्या जागी दुवाही देता येतो. त्याच माध्यमाच्या आखूड चलचित्रांखालील दुवे मात्र २०२३ च्या ऑगस्टअखेरीपासून उघडेनासे झाले. फसव्या दुव्यांचा सुळसुळाट हे त्याचे कारण होते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये यूट्यूबने भारतात फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांच्या साहाय्याने स्वतःची अ‍ॅफिलिएट योजना सुरू केली.

या नोंदींतून एक सामान्य नियम हाती येतो. माध्यम शिफारसकर्त्याच्या मालकीचे नसते. भारतात २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा अनेकांनी कष्टाने जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत हातचा गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत अनेक वस्तूंवरील दस्तुरीचे दर एकदम खाली आणले. घरसामानाचा दर ८ टक्क्यांवरून ३ टक्के झाला. ज्याचा संसार या उत्पन्नावर चालतो, त्याने एकाच माध्यमावर आणि एकाच कंपनीवर विसंबून राहू नये.

एक हिशेब

वर्ख आणि बेगड यांतील निवड केवळ नीतीची नाही, ती हिशेबाचीही आहे. पुढील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. त्यांतील परस्परसंबंध तेवढा लक्षात घ्यावा.

समजा, एका शिफारसकर्त्याने दोन वस्तूंची चित्रे दाखविली. पहिली वस्तू म्हणजे सोन्याच्या वर्खाचे तंजावर चित्र, किंमत १२,००० रुपये, दस्तुरी ५ टक्के. दुसरी वस्तू म्हणजे त्याच विषयाची कॅनव्हासवरील छापील नक्कल, किंमत ८०० रुपये, दस्तुरी ८ टक्के. दोन्ही दुव्यांवर प्रत्येकी २०० लोक आले. पहिल्या दुव्यावरून एकाने खरेदी केली. दस्तुरी झाली ६०० रुपये. दुसऱ्यावरून १२ जणांनी खरेदी केली. प्रत्येकी ६४ रुपयांप्रमाणे दस्तुरी झाली ७६८ रुपये. प्रथमदर्शनी नक्कल अधिक लाभाची दिसते. शिवाय बारा जणांच्या खरेदीने मिळणारे समाधान वेगळेच.

परंतु छायाचित्र पाहून ज्यांनी ती 'तंजावर चित्र' समजून घेतली, त्यांच्यापैकी चौघांनी ती परत पाठविली असे धरावे. मग आठच विक्री उरतात आणि दस्तुरी ५१२ रुपयांवर येते. उरलेल्या आठांपैकी जे नाराज होऊनही गप्प बसले, ते पुढच्या वेळी त्या शिफारसकर्त्याचे चित्र पाहून थांबणार नाहीत. हा तोटा कोणत्याही खात्यात दिसत नाही. उलट पहिल्या चित्राचा एकमेव ग्राहक ते आपल्या देवघरात लावतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, आणि त्याची विचारपूस पुन्हा त्याच शिफारसकर्त्यापर्यंत येण्याचा संभव असतो.

हिशेब नेहमी असाच जुळेल असे नाही. नक्कल परत न पाठविणारे ग्राहक अधिक निघाले तर आकडे उलटे फिरतील. म्हणूनच हा प्रश्न केवळ शिफारसकर्त्याच्या विवेकावर सोडता येत नाही. त्यासाठी उघडपणाचा नियम लागतो.

रुमालाखालचा भाव

मराठी मुलखातील जुन्या धान्यबाजारांत अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. माल शेतकऱ्याचा असे, पण भाव त्यालाच दिसत नसे. अडत्या कोणाचे हित पाहत आहे, हे त्याला कळावयास मार्ग नव्हता. १९३९ च्या मुंबई शेतमाल बाजार कायद्याने आणि त्यापुढील कायद्यांनी नियंत्रित बाजारपेठा निर्माण केल्या. त्यांत उघड लिलावाचा दंडक आला. अडत बंद झाली नाही. ती उजेडात आली.

समाजमाध्यमावरील शिफारशीतही असा एक रुमाल आहे. पाहणाऱ्याला वाटते की समोरची व्यक्ती आपल्या आवडीची वस्तू स्नेहापोटी दाखवीत आहे. तिला त्या खरेदीतून पैसे मिळतात हे त्याला ठाऊक नसेल, तर तो शिफारशीचे वजन चुकीचे करतो. म्हणून भारतात गेल्या काही वर्षांत या बाबतीत नियम झाले. जाहिरातक्षेत्राने स्वतःहून स्थापन केलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील शिफारसकर्त्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या जानेवारीत अशाच सूचना दिल्या. त्यांचा आशय पुढीलप्रमाणे सांगता येईल :

(१) शिफारशीमागे पैसा, दस्तुरी, भेटवस्तू किंवा अन्य लाभ असेल, तर ते प्रकट केले पाहिजे.

(२) हे प्रकटन सहज दिसेल असे असावे. चित्र असेल तर चित्रावरच ते लिहावे; चलचित्र असेल तर बोलूनही सांगावे. लांबलचक मजकुराच्या शेवटी, खुणेच्या शब्दांच्या गर्दीत ते दडवू नये.

(३) भाषा सोपी आणि शिफारशीचीच असावी. मराठीत शिफारस करून इंग्रजीत प्रकटन केले, तर त्याचा हेतू साधत नाही.

(४) शिफारसकर्त्याने वस्तू स्वतः पाहिलेली, वापरलेली किंवा पारखलेली असावी.

या सूचनांमागे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे बळ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारसकर्त्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत. काही काळ शिफारस करण्यास मनाईही करता येते. मात्र त्याच कायद्यात एक महत्त्वाचा अपवाद आहे : शिफारसकर्त्याने दाव्याची सत्यता पडताळण्यासाठी योग्य ती दक्षता घेतली असेल, तर तो या दंडातून मुक्त राहतो. तंजावर चित्राच्या बाबतीत ही दक्षता म्हणजे काय, ते वर आलेच आहे. वर्खाविषयी विचारणे, पावती पाहणे, चित्राची पाठ पाहणे, आणि शक्य असल्यास चित्र प्रत्यक्ष हाती घेणे, हीच ती दक्षता होय.

'या दुव्यावरून खरेदी झाल्यास आम्हाला दस्तुरी मिळते. तुमच्या किमतीत त्यामुळे फरक पडत नाही', एवढे एक वाक्य पुरेसे असते. असे वाक्य लिहिल्याने ग्राहक बिथरतो, हा समज अनेकांना मागे ओढतो. परंतु दस्तुरी लपविल्याचे नंतर उघड झाले की ग्राहकाला चित्रावरही संशय येतो, आणि मग खऱ्या वर्खाचे चित्रसुद्धा बेगडी ठरते.

नाव आणि ठिकाण

तंजावर चित्राच्या नावालाही कायद्याचे संरक्षण आहे. वस्तूंच्या भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि २००३ पासून अमलात आला. त्याची नोंदवही चेन्नईत ठेवली जाते. त्या नोंदवहीत तंजावर चित्रे, तंजावरच्या बाहुल्या, तंजावरची धातूची कलाथाळी आणि तंजावरची वीणा यांची नोंद झालेली आहे. अशा नोंदलेल्या नावाचा उपयोग त्या प्रदेशाबाहेर, अन्य रीतीने तयार झालेल्या मालासाठी करणे हा त्या हक्काचा भंग होय. म्हणून शिफारसकर्त्याने 'तंजावर चित्र' आणि 'तंजावर शैलीचे चित्र' यांत काळजीपूर्वक भेद करावा. पुण्यात किंवा मुंबईत ही कला शिकलेल्या एखाद्या हौशी व्यक्तीने काढलेले चित्र सुंदर असू शकते. ते त्याच्या खऱ्या नावाने सांगितल्याने त्याचे मोल कमी होत नाही.

याच अनुषंगाने छायाचित्रांच्या हक्काचाही विचार करावा लागतो. कारागिराने किंवा दुकानदाराने काढलेले छायाचित्र उचलून आपल्या दुव्याखाली लावण्याची प्रथा फार बोकाळली आहे. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यानुसार छायाचित्रालाही संरक्षण आहे. परवानगी मागण्यात एक आडलाभ आहे. परवानगीच्या निमित्ताने कारागिराशी बोलणे होते, आणि त्या बोलण्यातूनच चित्रात न दिसणारी माहिती हाती येते.

कारागिराचा वाटा

आतापर्यंतच्या विवेचनात ग्राहक आणि शिफारसकर्ता यांचे हित पाहिले. चित्र घडविणारा मात्र या साखळीच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि दुव्यावरून वाहणारी दस्तुरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट बाजारपेठेचे शुल्क, बांधणावळ, वाहतुकीत फुटलेली काच आणि शिफारसकर्त्याची टक्केवारी हा सारा भार शेवटी मालाच्या किमतीवर, म्हणजे अनेकदा कारागिराच्या मजुरीवर येतो. पडद्यावर बेगडीचे चित्र निम्म्या किमतीत शेजारीच झळकत असेल आणि भेद कोणी सांगत नसेल, तर वर्ख वापरणाऱ्याला दोनच मार्ग उरतात. त्याने मजुरी सोडावी किंवा वर्ख सोडावा. कलेचा ऱ्हास बहुधा अशाच एखाद्या हिशेबाने होतो. त्यासाठी कोणी वाईट हेतू बाळगावा लागत नाही.

यावर उपाय अशक्य नाहीत. कारागिरांचा गट किंवा सहकारी संस्था स्वतःची लहानशी योजना चालवू शकते. प्रत्येक शिफारसकर्त्याला स्वतंत्र सवलत-संकेत द्यावा, त्या संकेताने आलेल्या मागणीवर ठरलेली दस्तुरी द्यावी, आणि किंमत ठरविताना वर्ख, खडे, फळी व मजुरी वेगवेगळी मांडावी. मग दस्तुरी कोठून निघते, हे तिघांनाही दिसते. तामिळनाडू सरकारच्या हस्तकला महामंडळाची 'पूंपुहार' ही विक्रीकेंद्रे दीर्घकाळ कारागीर आणि ग्राहक यांच्यामध्ये काम करीत आली आहेत. अशा ठिकाणी चित्र प्रत्यक्ष हाताळून मग त्याविषयी लिहिणारा शिफारसकर्ता, केवळ पडद्यावरून पडद्यावर चित्रे फिरविणाऱ्यापेक्षा ग्राहकाला अधिक उपयोगी पडतो.

ग्राहकाकडेही काही जबाबदारी येते. दुवा उघडण्यापूर्वी त्याने तीन प्रश्न विचारावेत : सांगणाऱ्याला यातून काय मिळते, त्याने वस्तू स्वतः पाहिली आहे काय, आणि चित्रात जे दिसत नाही त्याविषयी त्याने काय सांगितले आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चित्राशेजारीच मिळत असतील, तर ती शिफारस विश्वासास पात्र समजावी. न मिळाली, तर विक्रेत्याला वर्खाविषयी लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत पैसे भरू नयेत. तंजावर चित्र एका पिढीसाठी घेतले जात नाही. ते सून आणि नातवंडे यांच्याकडे जाते. अशा वस्तूच्या बाबतीत चार दिवसांची चौकशी फार नाही.